दिसत नाही ते काढून टाका

बर्गन, जूनचा दुसरा आठवडा

प्रिय सिंद्रे,

पाकीट फोडलंस की या पत्राबरोबर दोन जाड कोरे कागद हाती लागतील. ते टाकून देऊ नकोस, आणि त्यांच्या पाठीवर किराण्याची यादीही करू नकोस. तुझी ती सवय मला ठाऊक आहे. त्यांच्याकडे मी शेवटी येते. आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. आज सकाळी कामावर निघण्याआधी मी ते सगळ्यांच्या ऑनलाइन चर्चेत, तू सुचवलेल्या नियमाखाली लिहून टाकलं. त्यामुळे हे पत्र पोचेपर्यंत तुझं वाचून आणि चिडून दोन्ही झालेलं असेल. तिथे मी एकच ओळ लिहिली, की या नियमाला माझी संमती नाही. उरलेलं इथे लिहिते आहे. रोजनिशी लिहिणाऱ्या बाईला पत्र लिहिणं जड जाऊ नये, पण जातं. रोजनिशी उलट उत्तर देत नाही.

किती वर्षं झाली आपण एकमेकांना असं काही लिहून? आपलं सगळं बोलणं आता नियमांच्या खाली, चारचौघांत होतं. हा बदल बघ, ती ओळ सुधार, शुभ सप्ताहान्त. आणि कधी शेवटी कंसात तुझा प्रश्न असतो, आईकडे गेली होतीस का, बरी आहे ना. मी लिहिते, बरी आहे. ते खोटं नाही. तुझी आई बरी आहे. आपण वेगळे झालो तरी रविवारी मी तिच्याकडे जाते, ती वॅफल करते, मी ब्राऊन चीज नेते, आणि ती दर वेळी म्हणते की दुकानवाल्याने तुला पुन्हा फसवलं. तू फोन करतोस तेव्हा ती कॅमेरा लावत नाही म्हणून तू एकदा कुरकुरला होतास. तिने मला सांगितलं, माझं तोंड त्याने चाळीस वर्षं पाहिलंय, त्यात आता नवीन काही उगवलेलं नाही.

मी आज क्विस्टच्या सुरुवातीपासून लिहिणार आहे. तुला ते सगळं माहीत आहे, पण तू ते विसरला आहेस असं मला वाटतं. रागावू नकोस. विसरणं हा काही गुन्हा नाही. विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये तू कागदी बशीवर एक उलटं झाड काढलं होतंस. वर मूळ, म्हणजे अख्खं चित्र. त्याखाली गट, गटांखाली आणखी गट, आणि अगदी टोकाला पानं, म्हणजे एकेक वर्तुळ, एकेक रेघ, एकेक अक्षर. तू म्हणालास, कुठलंही चित्र असं झाडासारखं ठेवता येतं आणि आपली लायब्ररी, म्हणजे आपण लिहू तो प्रोग्राम, ते झाड वाचून चित्र काढेल. चित्रात काही बदलायचं असलं तर चित्राला हात लावायचा नाही, नियम लिहायचा. अशी फांदी सापडली तर तिच्या जागी तशी ठेव. डावीकडे जुनी फांदी, उजवीकडे नवी. पानांपासून मुळाकडे यायचं, आणि एकही नियम लागू पडेनासा होईपर्यंत फिरत राहायचं. मला ते इतकं आवडलं की वॅफलचा मुरंबा बशीवर सांडला तेव्हा मी तुझ्यावर ओरडले, कारण झाडाची एक बाजू पुसली गेली. नाव तू ठेवलंस, क्विस्ट. डहाळी.

पहिलं भांडण आठवतं? तू नियम लिहिलास: एकसारख्या दोन वस्तू नेमक्या एकमेकींवर असतील तर त्यांतली एक काढून टाक. वाचायला किती शहाणा नियम. मला मात्र तो टोचत होता आणि का टोचतो ते सांगता येत नव्हतं. दोन दिवस आपण तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात त्यावरून वाद घातला. ती नुकती ड्यूटीवरून आली होती, बसचालकाचा गणवेशही उतरवला नव्हता. तिने किटली ठेवली आणि म्हणाली, माझ्या गाडीत कोणी भांडायला लागलं तर मी एवढंच म्हणते, आधी तिकीट दाखवा, मग भांडा. तुम्ही दोघं नुसतं तोंड वाजवताय. मी तशीच उठले आणि तिकीट शोधायला बसले. संध्याकाळी तुला चित्र दाखवलं: अर्धपारदर्शक निळी वर्तुळं, एकावर एक, खोल समुद्रासाठी. तुझा नियम लावला की समुद्र उथळ व्हायचा. तू ते पाहिलंस आणि म्हणालास, हरलो. माणूस इतक्या आनंदाने हरू शकतो हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं. तुझ्यावर माझा जीव जडला तो त्या दिवशी. त्याआधी तू मला फक्त हुशार वाटायचास.

तेव्हापासूनची आपली रीत. नियम आत येईल तो दोघांच्या होकाराने, आणि ज्याला विरोध करायचा असेल त्याने चित्र आणायचं: नियमाआधीचं एक, नियमानंतरचं एक. दोन्ही सारखी निघाली तर विरोध संपला. पुढे इतकी माणसं आली, कोणी गोथेनबर्गहून, कोणी तार्तूहून, सगळ्यांनी ती रीत मानली. आपण वेगळे झालो तेव्हा पुस्तकं वाटून घेतली, भांडी वाटून घेतली, सोफा तू नेलास. दोघांचा होकार तेवढा राहिला. त्याचे दोन तुकडे करता येत नव्हते.

आता तुझा नवा नियम. मार्चमधल्या आपल्या श्रमदानाला आम्ही नेहमीप्रमाणे इथे जमलो. माशाचं सूप होतं, सगळ्यांनी आपापली राहिलेली बारीकसारीक दुरुस्ती उरकली, आणि मग तू ओस्लोहून भिंतीवरच्या स्क्रीनवर आलास. नवा शर्ट, मागे काचेची खोली. नियम चार शब्दांचा होता. दिसत नाही ते काढ. ज्या वस्तूला रंग नाही, रेघ नाही, ती झाडातून काढून टाकायची. तुझ्या कंपनीचे आलेख फोनवर निम्म्या वेळात उमटतात हे तू दाखवलंस, आणि ते खरंच होतं. नियम आत आला तर कंपनी क्विस्टसाठी एक पूर्णवेळ माणूस देईल, आणि नाही आला तर आपली प्रत घेऊन वेगळी होईल, हेही तू सांगितलंस. धमकी म्हणून नाही, हवामान सांगावं तसं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, मला पटत नाही. का, ते सांगता येत नव्हतं. इल्वा सूप पीत होती, चमचा खाली न ठेवता म्हणाली, तोरुनला न दिसणाऱ्या वस्तूंचा लळा आहे, तिचा संसारही तसलाच होता. सगळे हसले. मीही हसले. तू हसला नाहीस हे मी पाहिलं, आणि त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहून गेले होते, ते आता मानते. पण मग तू म्हणालास, "चित्र आण, तोरुन. जूनमधल्या सेंट हान्सच्या सणापर्यंत."

तू म्हणालास ते रीतीला धरूनच होतं. मी शोधू लागले. आपल्या चाचण्यांतली सगळी चित्रं नियमाआधी आणि नियमानंतर ठिपक्या-ठिपक्याने ताडून पाहिली. एकही ठिपका हलला नाही. मी स्वतःला बरंच काही विचारलं, सिंद्रे, आणि सोपं कुठलंच उत्तर चालवून घेतलं नाही. मला नियम नको आहे की तो लिहिणारा नको आहे? तू काचेच्या खोलीत बसतोस याचा मला हेवा वाटतो का? सत्तेचाळिसाव्या वर्षी माझ्या हाती जग अडवून धरण्यासारखी ही एकच गोष्ट उरली आहे आणि म्हणून मी तिच्यावर हात ठेवून बसले आहे का? दर वेळी उत्तर थोडंसं हो आणि बरंचसं नाही असं आलं. मेच्या सुरुवातीला मी ठरवलं की चित्र सापडत नाही तर होकार द्यायचा. होकार लिहूनही ठेवला होता. सभ्य, थोडक्यात, तुझं अभिनंदन करणारा.

मग ते चित्र आपण होऊन माझ्यापुढे आलं. माझ्या ओळखीची एक बाई आहे. ऐंशी ओलांडलेली, चढावरच्या लाकडी घरात एकटी राहते आणि ते सोडायला तयार नाही. काचबिंदूने तिची नजर हळूहळू गेली. गेल्या शरद ऋतूपासून तिला फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळतं. घरात तिचं अडत नाही. कपाच्या कडेवर बोट ठेवून कॉफी ओतते, आणि विणकाम आता एकाच रंगात करते, कारण लोकर कुठली ते दुसऱ्याला विचारावं लागलेलं तिला खपत नाही. अडलं ते दाराबाहेर. पालिकेने तिच्या गल्लीतल्या जुन्या दगडी पायऱ्या उखडून नव्या बांधल्या. वळण दुसरीकडे गेलं, मध्ये एक सपाट टप्पा आला, कठडा डावीकडचा उजवीकडे गेला. आयुष्यभर पायांना पाठ असलेली वाट एका उन्हाळ्यात परकी झाली. पालिका म्हणजे आमचीच, आणि नकाशा विभागात मी. आमच्याकडे उठाव छापण्याचं यंत्र आहे, शाई न लावता जाड कागदावर खालून टोचे मारतं आणि बोटाला कळतील अशा रेघा उमटवतं. मी तिच्यासाठी घराचा आणि गल्लीचा नकाशा काढायचं ठरवलं. अर्थात क्विस्टमध्ये. दुसरं मला येतं काय?

त्या घरी रोज सकाळी पालिकेकडून मदतनीस येते, मेहरेत. तिला डोळ्यांनी वाचायला आणि बाईला बोटांनी वाचायला असा एकच नकाशा मी केला. एकाच झाडात दोघींचं चित्र. ज्याला शाई आहे ते साध्या प्रिंटरवर उमटतं, ज्याला उंची दिली आहे ते उठावाच्या यंत्रावर. भिंती आणि दारं यांना दोन्ही दिलं. पायऱ्यांनाही शाई दिली होती, पण मेहरेतने कागद पाहून नाक मुरडलं. म्हणाली, पायऱ्या मला दिसतात गं, त्या कशाला चितारून ठेवल्यास, मला नळ बंद करायची चावी कुठे ते दाखव. तिचं बरोबर होतं. मी पायऱ्यांची शाई काढली, उंची ठेवली. कठड्याचंही तेच केलं. तो नकाशा त्या बाईने हिवाळाभर इतका वाचला की उठाव बसून कागद गुळगुळीत झाला. नवी प्रत छापायची वेळ आली तेव्हा मी मुद्दाम तुझ्या नियमाची चाचणी आवृत्ती वापरली. तुला होकार द्यायचा तर आधी तो नियम आपल्या घरात लावून पाहावा, इतकंच मनात होतं.

तिने नवा कागद टेबलावर घेतला. बोट दारापर्यंत आलं, दारातून बाहेर पडलं आणि थांबलं. मागे गेलं, पुन्हा आलं. मला म्हणाली, "पोरी, माझ्या पायऱ्या कुठे गेल्या?" मी म्हटलं, असतील, जरा डावीकडे बघ. ती म्हणाली, डावीकडे काही नाही, उजवीकडे काही नाही, पालिकेने पुन्हा उखडल्या की काय? मग हसायला लागली. म्हणाली, तुझ्या या कागदाप्रमाणे मी पाव आणायला निघाले तर पहिलं पाऊल थेट खाली फ्योर्डच्या पाण्यात. मी घरी येऊन दोन्ही झाडं स्क्रीनवर शेजारीशेजारी काढली. चित्र तेच. ठिपक्या-ठिपक्याने तेच. तेव्हा कुठे मला मार्चपासून काय टोचत होतं ते दिसलं. तुझ्या नियमाने एकेक पायरी काढली, कारण तिला शाई नव्हती, नुसती उंची होती. गट रिकामा झाला. मग आपला जुना, निरुपद्रवी नियम आला, रिकामा गट काढून टाक, आणि त्याने पायऱ्यांचा गट नेला. कठड्याचंही तसंच. बाहेरच्या वाटेच्या गटात काहीच उरलं नाही, तोही गेला. शेवटचा नियम म्हणतो, ज्या गटाखाली एकच फांदी उरली तो गट मोडून ती फांदी वर घे. घर एकटं उरलं होतं, ते मुळाला जाऊन चिकटलं. कुठल्याच नियमाने स्वतःच्या मते काही वावगं केलं नव्हतं. पानापासून मुळापर्यंत प्रत्येकाने हात झटकले आणि एका बाईच्या दारापुढची वाट नाहीशी झाली.

मी ते चर्चेत लिहिलं. घर कोणाचं ते लिहिलं नाही, एक वापरणारी बाई एवढंच. दोन चित्रं जोडली. पुढचं तुला माहीत आहे. तू लिहिलंस, "दोन्ही सारखी आहेत." खाली सात जणांनी अंगठे उंचावले. मग तू समजुतीची वाट काढलीस, आणि ती तू मनापासून काढलीस हे मी मानते: ज्यांना आपल्या न दिसणाऱ्या वस्तू राखायच्या असतील त्यांनी त्यांच्यावर राखीव अशी खूण करावी. त्यावर मी एक रात्र झोपले आणि उठले ती आणखी ठाम होऊन. आज जी झाडं जगभर पडून आहेत, ज्यांच्या मालकांना ही चर्चा कधी कळणारही नाही, त्यांच्यावर खूण कोण करणार? आणि ज्याला काढून टाकलं जाणार आहे त्यानेच आधी हात वर करून, मी आहे हो, म्हणावं, हा कुठला न्याय? हात तर काढणाऱ्याने आवरायचा असतो. मी उलट नियम लिहिला आहे, तोही चर्चेत आहे. ज्या वस्तूबद्दलचं सगळं तुला वाचता येत नाही तिला हात लावू नकोस. रंग नाही, रेघ नाही, आणि दुसरंही काही नाही, अशी खात्री झाली तरच काढ. याने तुमचे आलेख सावकाश उमटतील. उमटू देत. फोन हातात धरून माणसं क्षणभर थांबली तर त्यांना खिडकीबाहेर बघायला मिळेल.

तुझं त्यानंतरचं वाक्य मी पाठ केलं आहे. तोरुन, हे चित्र नाही, हा हट्ट आहे. असेल. हट्ट म्हणून नोंद करून घे. पण चित्र नाही हे मी मान्य करणार नाही. आपण दोघांनी ठरवलं होतं की सारखं म्हणजे सारखं दिसणारं, आणि ते ठरवताना त्या स्वयंपाकघरात बसलेल्या आपल्या तिघांनाही डोळे होते. रीत खोटी नव्हती. तिचं माप आखूड होतं. मी रीत मोडत नाही, माप बदलते आहे. कंपनी प्रत घेऊन जाणार असेल तर खुशाल जावं. दार मी उघडं धरून ठेवते. पूर्णवेळ माणूस नको. इल्वा जाईल, आणखी चारपाच जण जातील, क्विस्टची वाळकी काडी होईल, मी रविवारचे वॅफल संपवून एकटी तिची डागडुजी करत राहीन. तरी माझं उत्तर बदलणार नाही. मी आयुष्यात फार कमी वेळा नाही म्हटलं आहे, तुला तरी ते माहीत असावं. तू ओस्लोला निघालास तेव्हासुद्धा मी, जा, म्हटलं. त्यामुळे या एका नाहीला तू किरकोळ समजू नकोस.

आता राहिलं ते. तुला एव्हाना कळलं असेल, तू मंद कधीच नव्हतास. ती बाई तुझी आई आहे. ते घर तू वाढलास ते घर आहे, आणि उखडलेल्या पायऱ्या त्याच, ज्यांवर पडून तू पुढचा दात तोडलास. तिने मला तोंड बंद ठेवायला लावलं होतं. तिला वाटत होतं की तुला कळलं तर तू पुढच्या विमानाने येशील, दोन दिवसांत तिला सपाट जमिनीवरच्या, दोरी ओढली की नर्स येते अशा खोलीत नेऊन बसवशील आणि घराला गिऱ्हाईक बघशील. तू असं करशीलच असं मी म्हणत नाही. तिला तसं वाटलं. गेल्या रविवारी मी तिला आपल्या भांडणाचं सगळं सांगितलं, आणि हेही सांगितलं की मी कोणाचं घर ते लिहिणार नाही, कारण वादात जिंकण्यासाठी मी तिला वापरते आहे असं मला वाटायला नको. ती वॅफलचं पीठ ढवळत होती. म्हणाली, तीस वर्षं अख्ख्या शहराने मला वापरलं, मी कधी तक्रार केली नाही, फक्त उतरायचंय ते वेळेवर सांगायचं. मग झारा माझ्या दिशेने रोखून म्हणाली, "लिही त्याला. पण बिचारी आंधळी झाली असं लिहू नकोस. त्याचा नियम चुकलाय, असं लिही." मी तिने सांगितलं तसंच, त्याच क्रमाने लिहिलं आहे. आधी नियम, मग ती.

म्हणून हे पत्र, आणि म्हणून टपालाने. ते दोन कोरे कागद कोरे नाहीत. आपल्या रीतीप्रमाणे एक नियमाआधीचा आहे, एक नियमानंतरचा, आणि कुठला कोणता ते मी मुद्दाम लिहिलेलं नाही. तुझ्या त्या काचेच्या खोलीत सगळ्यांसमोर कर, नाहीतर एकटा असताना कर, पण डोळे मीट. खालच्या कोपऱ्यात स्वयंपाकघर आहे, तिथली चौकट तुझ्या बोटाला ओळख देईल. तिथून बाहेरच्या दाराशी ये. एका कागदावर दारापुढे काहीच नाही, तुझं बोट नुसतं घसरत जाईल. दुसऱ्यावर पायऱ्या आहेत, सपाट टप्पा आहे, आणि उजव्या हाताला कठडा. तो कागद नीट वाच, कारण तो जिना तूही अजून पाहिलेला नाहीस, आणि सेंट हान्सच्या दिवशी तुला तो चढून यायचं आहे. तिने बोलावलं आहे. वॅफल असतील, ब्राऊन चीज मी आणीन. घर विकण्याचं बोलायला येणार असशील तर येऊ नकोस, हा तिचा निरोप. नियमाचं बोलायला ये, हा माझा. ती टप्प्यावरच्या बाकावर बसून तुझी पावलं ओळखणार आहे, आणि मला खात्री आहे ती चुकणार नाही. तू मार्चमध्ये म्हणाला होतास, चित्र आण. आणलं. आता डोळे मिटून सांग, दोन्ही सारखी आहेत का.

नकारावर कायम, आणि तरीही तुझीच,
तोरुन